आर्मी कमांडर केवळ अंमलबजावणी करतो का?

प्रश्न असा आहे: लष्करी सिद्धांत, म्हणजे आपण ज्याला डॉक्ट्रिन म्हणतो, तो वरच्या पातळीवर लिहिला जातो, युद्धाचे राजकीय उद्दिष्ट सरकार ठरवते, लष्करप्रमुख त्यानुसार आदेश काढतात. मग उधमपूर, कोलकाता किंवा पुण्याच्या कमांड मुख्यालयातील आर्मी कमांडरला, म्हणजे एका मोठ्या भूभागातील लष्कराच्या प्रमुखाला, रणनीतीत स्वतःचे असे काही स्थान उरते का, की वरून आलेला आदेश हाताखालच्या कोअर आणि डिव्हिजन या फौजांकडे पाठवणे एवढेच त्याचे काम असते? आणि थिएटर कमांड, म्हणजे एका भूभागातील तिन्ही दले एकाच कमांडरच्या हाताखाली आणणारी रचना, प्रत्यक्षात आल्यावर यात काय बदलेल?

सेवेतील काही काळ मी कमांड मुख्यालयाच्या ऑपरेशन्स शाखेत काम केले आणि पुढे तरुण अधिकाऱ्यांना हाच विषय शिकवला. त्या आधारे माझे मत आधीच सांगून टाकतो. आर्मी कमांडरचे खरे स्थान अंमलबजावणीत नाही. ते दोन ठिकाणी असते. पहिले, युद्धाच्या कितीतरी आधी तो आपल्या भूभागाबद्दल जे लेखी मूल्यमापन दिल्लीला पाठवतो त्यात. आणि दुसरे, युद्ध सुरू झाल्यावर मिळालेल्या उद्दिष्टाचा तो जो अर्थ लावतो त्यात. या दोन्ही ठिकाणी त्याचे ऐकले गेले किंवा त्याला मोकळीक मिळाली, तर सिद्धांत कागदावर अर्धवट असला तरी निभावून जाते. तसे झाले नाही, तर उत्तम सिद्धांतही कामाला येत नाही. हे दाखवायला आपल्या ईस्टर्न कमांडइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण एकाच कमांडने १९६२ चा पराभव आणि १९७१ चा विजय असे दोन्ही टोकांचे अनुभव अवघ्या नऊ वर्षांत घेतले.

आधी थोडे चौकटीविषयी. डॉक्ट्रिन म्हणजे युद्धाचा आराखडा नव्हे. सैन्याने कसे लढायचे, आघात कुठे आणि किती वेगाने करायचा, पायदळ, चिलखती दल, तोफखाना आणि हवाई दल यांचा मेळ कसा घालायचा, याबद्दलची सामाईक समजूत म्हणजे डॉक्ट्रिन. भारतीय लष्करात हे काम प्रामुख्याने १९९१ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे सिमल्याला हलवलेल्या आर्मी ट्रेनिंग कमांडकडे आहे. आदेशांची साखळी याहून वेगळी असते. संरक्षणमंत्र्यांचा ऑपरेशनल डायरेक्टिव्ह, म्हणजे सैन्याने कशासाठी तयार राहायचे हे सांगणारा निर्देश, त्यावरून लष्करी मुख्यालयाच्या सूचना, त्यावरून कमांडची योजना, त्यावरून कोअरची, असा तो उतरता क्रम आहे. आपल्या देशाने राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा एकसंध दस्तऐवज आजवर प्रसिद्ध केलेला नाही, त्यामुळे या साखळीच्या वरच्या टोकाला बऱ्याच गोष्टी मोघम राहतात. त्या मोघम शब्दांची प्रत्यक्ष जमिनीशी, म्हणजे रस्ते, खिंडी, नद्या, रेल्वेस्थानके आणि दारूगोळ्याचे साठे यांच्याशी पहिल्यांदा गाठ पडते ती आर्मी कमांडरच्या टेबलावर. लष्करप्रमुखाच्या हाताखाली सगळे सैन्य असते, पण त्याला एकच एक भूभाग नसतो. कोअर कमांडरला भूभाग असतो, पण त्यापलीकडचे फारसे दिसत नाही. भूभागही आपला आणि त्यावर काही लाख माणसे हलवण्याचा अधिकारही आपला, अशी स्थिती फक्त या मधल्या पातळीवर असते.

आता थोरातांची गोष्ट. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे. मराठी वाचकांना ते कोरियातील भारतीय पहारा दलाचे प्रमुख म्हणून ठाऊक असतात, पण त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम माझ्या मते १९५७ ते १९६१ या काळात ईस्टर्न कमांडच्या प्रमुखपदावर झाले. तेव्हा हे मुख्यालय लखनौला होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे आसाम रायफल्सच्या चौकीवर चिनी सैनिकांनी हल्ला केला आणि त्यानंतर नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, सीमेची जबाबदारी लष्कराकडे आली. थोरातांनी ८ ऑक्टोबर १९५९ रोजी आपले मूल्यमापन लिहून पाठवले. त्याचा गाभा साधा होता. मॅकमोहन रेषा, म्हणजे नेफा आणि तिबेट यांमधली सीमारेषा, जिथे नकाशावर आहे तिथेच उभे राहून तिचे संरक्षण करता येणार नाही, कारण आपल्या बाजूला तिथपर्यंत जाणारे रस्ते नाहीत आणि चीनच्या बाजूला पठारावरून येणे सोपे आहे. म्हणून पुढे फक्त पाहणी आणि इशारा देणाऱ्या चौक्या ठेवाव्यात आणि मुख्य संरक्षणाची फळी बरीच मागे, आपली रसद पोहोचू शकेल आणि शत्रूची रसद ताणली जाईल, अशा ठिकाणी उभारावी. त्यासाठी किती सैन्य आणि कोणत्या सुविधा लागतील हेही त्यांनी मांडले. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी हेच वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर सिद्ध करून दाखवले.

आर्मी कमांडरने रणनीतीत काय भर घालायची असते, याचा हा जवळजवळ नमुनेदार दाखला आहे. थोरातांनी राजकीय उद्दिष्ट बदलले नाही. सीमा कोणती मानायची हा प्रश्न त्यांनी उपस्थितच केला नाही. त्यांनी एवढेच सांगितले की हे उद्दिष्ट या जमिनीवर, एवढ्या सैन्यानिशी, अमुकच पद्धतीने साधेल आणि दुसऱ्या पद्धतीने साधणार नाही. लष्करप्रमुख थिमय्या त्यांच्याशी सहमत होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र ते मनावर घेतले नाही, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. मे १९६१ मध्ये थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. थिमय्यांची इच्छा थोरातांनी आपल्या जागी यावे अशी होती. नेमणूक जनरल प्राणनाथ थापर यांची झाली. थोरातांच्या जागी लखनौला लेफ्टनंट जनरल एल. पी. सेन आले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत थिमय्या, थोरात आणि सेन हे तिघेही एकाच ब्रिगेडमधले बटालियन कमांडर होते आणि तिघांनाही त्याच लढाईसाठी डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले होते. म्हणजे प्रश्न वैयक्तिक शौर्याचा किंवा अनुभवाचा नव्हता. ते पद कसे चालवायचे, हा होता.

नोव्हेंबर १९६१ मध्ये दिल्लीने पुढे चौक्या उभारण्याचे धोरण स्वीकारले. ते थोरातांच्या मूल्यमापनाच्या नेमके उलट होते: चौक्या जितक्या पुढे, तितकी रसद लांब आणि मागची फळी पातळ. जून १९६२ मध्ये नेफाच्या सीमेवरील थागला पर्वतरांगेच्या दक्षिणेला ढोला चौकी उभी राहिली आणि ८ सप्टेंबरला चिनी सैन्य तिच्यावर उतरले. २२ सप्टेंबरला, पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री दोघेही परदेशात असताना, दिल्लीत बैठक झाली. थापर यांनी लेखी आदेश मागितला, तेव्हा संरक्षण मंत्रालयातील सहसचिवाच्या सहीने चिन्यांना थागलाच्या पलीकडे हुसकावण्याचा आदेश त्यांना मिळाला. तेहतीसाव्या कोअरचे कमांडर उमरावसिंग यांनी ही कारवाई उपलब्ध सैन्य आणि रसदीत शक्य नसल्याचे सांगितले. या क्षणी आर्मी कमांडरने दोनपैकी एक करायला हवे होते: एक तर आपल्या कोअर कमांडरच्या बाजूने उभे राहून दिल्लीला नकार कळवायचा, किंवा स्वतः पाहणी करून त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे कारणांसह सिद्ध करायचे. सेन यांनी यातले काहीच केले नाही. लखनौचे मुख्यालय टपालखाते बनले. वरून आलेले खाली गेले आणि खालून आलेली हरकत वर जाईपर्यंत बोथट झाली. उमरावसिंग यांच्याकडून नेफा काढून घेण्यात आले, ४ ऑक्टोबरला तेजपूरला चौथी कोअर उभी करण्यात आली आणि तिची सूत्रे लष्करी मुख्यालयातून आलेले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्याकडे गेली. कौल थेट दिल्लीशी बोलत. लखनौचे मुख्यालय नकाशावर होते, निर्णयात नव्हते. २० ऑक्टोबरला नामका चू नदीकाठी विखुरलेली सातवी ब्रिगेड काही तासांत उद्ध्वस्त झाली आणि तिचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी युद्धकैदी झाले.

इथे डॉक्ट्रिनचा वाटाही सांगितला पाहिजे, कारण सगळा दोष व्यक्तींवर टाकणे सोपे असते. नेफात गेलेली चौथी डिव्हिजन अंबाल्याहून, म्हणजे पंजाबच्या सपाटीवरून, आलेली होती. तिची रचना, वाहने आणि सराव सगळे पाकिस्तानविरुद्धच्या लढाईसाठी होते. उंच पर्वतात हलके, पायी आणि खेचरांच्या रसदीवर लढणाऱ्या डिव्हिजनची कल्पना लष्कराने खऱ्या अर्थाने १९६२ नंतर स्वीकारली. १९६४ च्या संरक्षण योजनेत २५ पैकी १० डिव्हिजन पर्वतीय असाव्यात असे ठरले. १९६३ मध्ये ईस्टर्न कमांडचे मुख्यालय कोलकात्याला गेले आणि लखनौला सेंट्रल कमांड उभी राहिली. पण लक्षात घ्या, रस्त्यांचा अभाव, अंतर आणि रसद या सिद्धांतातल्या नेमक्या उणिवाच थोरातांनी तीन वर्षे आधी जमिनीवरून दाखवून दिल्या होत्या. डॉक्ट्रिन चुकीचा असतो तेव्हा ते सर्वांत आधी प्रादेशिक कमांडरला कळते. केंद्राला ते युद्धात कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

१९६५ बद्दल फार लांबण लावत नाही. वेस्टर्न कमांडचे हरबक्षसिंग यांच्या कथनानुसार, खेमकरण भागात पाकिस्तानी चिलखती दल घुसल्यावर लष्करप्रमुख जे. एन. चौधरी यांनी सैन्य बियास नदीच्या मागे घेण्याचे सुचवले आणि हरबक्षसिंग यांनी ते मानले नाही. या संवादाच्या तपशिलावर वाद आहे. परिणामावर नाही: असल उत्तरला पाकिस्तानचा हल्ला मोडला आणि अमृतसर सोडावे लागले नाही. त्याच सुमारास चीनने निर्वाणीचा इशारा दिला, तेव्हा सिक्कीममधील नथू ला आणि जेलेप ला या खिंडी सोडून मागे यावे, अशी सूचना आली. जेलेप ला सोडली गेली. नथू ला मात्र मेजर जनरल सगतसिंग यांनी सोडली नाही आणि सप्टेंबर १९६७ मध्ये तिथेच झालेल्या चकमकीत त्यांनी तोफखाना वापरून चिनी बाजूला जबर तडाखा दिला. त्या वेळी ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते सॅम माणेकशा.

सगतसिंग यांचा उल्लेख आला म्हणून एक जरा वेगळे, पण आपल्या जवळचे उदाहरण. डिसेंबर १९६१ मधील गोव्याची मोहीम पुण्याच्या सदर्न कमांडने चालवली होती. तिचे प्रमुख होते तेच जे. एन. चौधरी. योजनेत मुख्य आघात मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनने पूर्वेकडून, अनमोड-मोलेमच्या बाजूने करायचा होता, आणि सगतसिंग यांच्या पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडचे काम उत्तरेकडून, दोडामार्गच्या बाजूने, दुय्यम होते. पोर्तुगिजांनी पूल उडवल्याने डिव्हिजनची गती मंदावली. सगतसिंग थांबले नाहीत. त्यांची तुकडी १८ तारखेच्या संध्याकाळी मांडवीच्या काठाशी बेतीला पोहोचली आणि १९ तारखेला सकाळी पणजीत शिरली. दुय्यम भूमिका दिलेल्या अधिकाऱ्याने उद्दिष्टाचा अर्थ ‘अमुक रेषेपर्यंत जा’ असा न लावता ‘गोवा घ्या’ असा लावला, आणि वरच्या मुख्यालयाने त्याला मागे खेचले नाही. या दुसऱ्या भागाचे महत्त्व पुष्कळदा विसरले जाते.

आता १९७१. एप्रिलमध्ये दिल्लीत तातडीने कारवाई करण्याचा आग्रह होता. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगल्यावर सैन्य रस्त्यांना चिकटून राहील, पर्वतीय डिव्हिजनांना नदीच्या प्रदेशासाठी पूल आणि वाहने देऊन तयार करायला वेळ लागेल आणि हिवाळ्यात बर्फामुळे उत्तरेच्या खिंडी बंद झाल्या की चीनची भीती कमी होईल, हा हिशेब ईस्टर्न कमांडचा होता, आणि लष्करप्रमुख माणेकशा यांनी तो पंतप्रधानांसमोर मांडला. माणेकशा स्वतः त्या कमांडचे साडेचार वर्षे प्रमुख राहिले होते, त्यामुळे त्यांना तिथल्या पावसाचे वर्णन वाचून दाखवावे लागले नाही. १९५९ मध्ये जे मूल्यमापन वर जाऊन विझले, तशाच प्रकारचे मूल्यमापन १९७१ मध्ये स्वीकारले गेले. विजयाची सुरुवात मी इथून मोजतो. युद्ध उघडपणे सुरू झाले ती ३ डिसेंबर ही तारीख नंतरची.

लष्करी मुख्यालयाच्या सूचनांमध्ये भर चितगाव आणि खुलना ही बंदरे आणि शक्य तेवढा भूभाग घेण्यावर होता. ढाका हे स्पष्ट अंतिम लक्ष्य म्हणून त्यात नव्हते, असे ईस्टर्न कमांडचे तत्कालीन चीफ ऑफ स्टाफ जे. एफ. आर. जेकब यांनी वारंवार मांडले. जेकब यांनी श्रेय घेताना हात आखडता घेतला नाही, हे त्यांचे लेखन वाचणाऱ्या कोणालाही जाणवते. तरी मूळ मुद्दा चुकीचा नाही. दिल्लीच्या बाजूनेही तर्क होता: संयुक्त राष्ट्रांत युद्धविरामाचा ठराव कधीही येऊ शकत होता, तेव्हा हाती काहीतरी ठोस असावे आणि समुद्रमार्गे येणारी मदत बंद व्हावी, म्हणून बंदरे. हा तर्क राजधानीत बसून योग्यच होता. कोलकात्यात बसून दिसणारे चित्र वेगळे होते. पाकिस्तानचे सैन्य सीमेलगतच्या शहरांत तटबंदी करून बसले होते आणि मध्यभागी ढाका तुलनेने मोकळे होते; म्हणून तटबंदीची शहरे बाजूला टाकून आत घुसले तर सगळी रचना कोसळेल. लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या कमांडने आपल्या सूचना अशा लवचीक ठेवल्या की बंदरांचे लक्ष्य नाकारले गेले नाही, पण ढाक्याकडे जाणारी वाटही बंद झाली नाही.

प्रत्यक्षात काय झाले पाहा. आगरतळ्याच्या बाजूने आलेल्या चौथ्या कोअरला मेघना नदीच्या पूर्वेचा भूभाग घ्यायचा होता. नदी ओलांडणे तिच्या कामात नव्हते. तिचे कमांडर होते सगतसिंग, आता लेफ्टनंट जनरल. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने आशुगंजचा रेल्वेपूल उडवला. नदी मैलभराहून जास्त रुंद, पलीकडे शत्रूची तयारी अपुरी, हाताशी हवाई दलाची काही एमआय-४ हेलिकॉप्टर. त्याच दुपारपासून सगतसिंग यांनी हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्या मदतीने फौज पलीकडे रायपुरा आणि नरसिंगदीकडे उतरवायला सुरुवात केली. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ दुसरी पॅरा बटालियन उतरली; ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेली बटालियन, गोव्यातही सगतसिंग यांच्या ब्रिगेडमध्ये होती. उत्तरेकडून मेजर जनरल नागरा यांची फौज आली आणि १६ डिसेंबरला रमना रेसकोर्सवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. खुलन्याची पाकिस्तानी फौज दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, शरण आली. म्हणजे ज्या बंदरावर मूळ सूचनांत भर होता ते राजधानीनंतर पडले.

पण त्याच कमांडमध्ये, त्याच डॉक्ट्रिनखाली, पूर्व बंगालच्या सीमेवरील हिली येथे वेगळे घडले. तिथे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तटबंदीवर समोरून हल्ला चढवला गेला, बटालियनची मोठी हानी झाली आणि ठाणे ११ डिसेंबरपर्यंत पूर्णपणे हाती आले नाही. तटबंदी बाजूला टाकण्याचे सूत्र कागदावर सर्वांनाच माहीत होते. ते कुठे वापरले गेले आणि कुठे नाही, हे त्या त्या फौजेच्या कमांडरच्या स्वभावावर ठरले. म्हणूनच डॉक्ट्रिन वाचून युद्धाचे भाकीत करणाऱ्या विश्लेषकांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

समोरच्या बाजूचे चित्र या विषयाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे. पूर्वेचे संरक्षण पश्चिमेत आहे, म्हणजे भारताने पूर्वेवर हल्ला केला तर पश्चिमेकडून आघात करून हिशेब चुकता करायचा, ही पाकिस्तानची जुनी सामरिक धारणा होती. सुमारे १,६०० किलोमीटर दूर असलेल्या प्रांताच्या कमांडरला या धारणेने दुय्यम भूमिका दिली: वेळ काढा, जमीन सोडू नका. बांगलादेशचे सरकार स्थापन करण्यासाठी भारत एखादा तुकडा घेईल, या समजुतीने पूर्वेचे हे कमांडर, ए. ए. के. नियाझी, यांनी आपल्या फौजा जेसोर, बोग्रा, रंगपूर, जमालपूर, सिल्हेट, कोमिल्ला अशा ठाण्यांत वाटून टाकल्या. ढाक्याभोवती मोठ्या नद्यांचे नैसर्गिक संरक्षण होते, तिथे वेळीच माघार घेऊन सैन्य गोळा केले असते तर लढाई लांबली असती आणि लांबलेल्या लढाईत युद्धविरामाचा दबाव पाकिस्तानच्या उपयोगी पडला असता. नियाझींनी तसे केले नाही. त्यांना तशी मोकळीक किती होती यावर मतभेद आहेत, पण ती त्यांनी ठामपणे मागितल्याचे दिसत नाही. पश्चिमेकडचा मोठा आघात झालाच नाही, आणि पूर्वेचा कमांडर दुसऱ्या आघाडीवरच्या न घडलेल्या युद्धाची वाट पाहत राहिला.

इथे एका गैरसमजाला थारा देऊ नये. प्रादेशिक कमांडरला जितके स्वातंत्र्य तितके चांगले, असे मी म्हणत नाही. १९६२ मध्ये कौल यांना स्वातंत्र्य भरपूर होते. ते साखळीबाहेरचे होते आणि त्याला जमिनीच्या मूल्यमापनाचा आधार नव्हता. शिवाय प्रत्येक आर्मी कमांडरला आपलीच आघाडी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि वाटलीच पाहिजे. १९७१ मध्ये उत्तर सीमेवरून किती ब्रिगेड काढायच्या, पश्चिमेला राखीव किती ठेवायचे, अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले तर काय करायचे, हे कोलकात्यात ठरवता येण्यासारखे नव्हते. केंद्राने उद्दिष्ट, साधने आणि मर्यादा ठरवाव्यात, कमांडरने पद्धत ठरवावी, आणि उद्दिष्ट व साधने यांचा मेळ बसत नसेल तर ते कमांडरने लेखी सांगावे, ही विभागणी व्यवहारात टिकवणे अवघड असते. शेवटचा भाग सर्वांत अवघड, कारण तो पदोन्नतीच्या आड येतो.

डॉक्ट्रिन बदलला की कमांडरांचे स्थानही बदलते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्याची जमवाजमव सुरू झाली, तेव्हा मथुरा, अंबाला आणि भोपाळ येथून निघालेल्या स्ट्राइक कोअर, म्हणजे आक्रमणासाठी राखलेल्या मोठ्या फौजा, सीमेवर सज्ज व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले आणि तोवर राजकीय संधी निघून गेली. त्यातून २००४ मध्ये पुढे आलेल्या ‘कोल्ड स्टार्ट’ या कल्पनेत दूरच्या मोठ्या कोअरऐवजी सीमेलगतच्या फौजांनी थोड्या अवधीत मर्यादित आघात करायचा होता. याचा एक परिणाम म्हणून आजवर केवळ बचाव करणाऱ्या कोअरना आक्रमक काम मिळाले, आणि २००५ मध्ये जयपूरला साउथ वेस्टर्न कमांड उभी राहिली. पण एक प्रश्न तसाच राहिला. इतक्या वेगाने हालचाल करायची तर राजकीय परवानगीही तितक्याच वेगाने मिळायला हवी, किंवा आर्मी कमांडरकडे ती काही प्रमाणात आधीच दिलेली असावी. अण्वस्त्रे असलेल्या शेजाऱ्यासमोर ती आधी देऊन ठेवणे कोणत्याही सरकारला अवघड जाते. सैन्य काही दिवसांत सज्ज होईल; निर्णय तितक्या लवकर होईल का, याचे उत्तर कोणत्याही डॉक्ट्रिनच्या पुस्तकात मिळणार नाही.

आता थिएटर कमांडकडे. सध्या लष्कराच्या ७, हवाई दलाच्या ७ आणि नौदलाच्या ३ अशा १७ स्वतंत्र कमांड आहेत. शिवाय अंदमान-निकोबार आणि अण्वस्त्रे सांभाळणारी स्ट्रॅटेजिक फोर्सेस या दोन संयुक्त. पूर्वेचेच पाहा: लष्कराचे मुख्यालय कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये, ज्याला आता आपल्या कोकणातल्या किल्ल्यावरून विजय दुर्ग म्हणतात, हवाई दलाचे शिलाँगला, नौदलाचे विशाखापट्टणमला. चीनलगतच्या ३,४८८ किलोमीटरच्या रेषेवर आपल्या बाजूला उधमपूर, लखनौ आणि कोलकाता अशी लष्कराची तीन मुख्यालये काम करतात, तर समोर २०१६ पासून चेंगडूची एकच वेस्टर्न थिएटर कमांड आहे. १९७१ मध्ये ही विखुरलेली रचना चालली, कारण तयारीला आठ महिने मिळाले होते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपापसांत जमवून घेतले. तेवढा अवधी पुढच्या वेळी मिळेल असे गृहीत धरता येत नाही. १ जानेवारी २०२० रोजी संरक्षण दल प्रमुखांचे, म्हणजे सीडीएसचे, पद प्रत्यक्षात आले आणि संयुक्त संस्थांच्या प्रमुखांना तिन्ही दलांच्या सैनिकांवर शिस्तीचे अधिकार देणारा २०२३ चा कायदा मे २०२४ पासून लागू झाला. म्हणजे पाया घातला गेला आहे.

थिएटर कमांडच्या कल्पनेला हवाई दलाची हरकत आहे, आणि ती मला पूर्णपणे निराधार वाटत नाही. लढाऊ स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकड्यांची, संख्या मर्यादित असताना त्या वेगवेगळ्या थिएटरांत वाटून टाकल्या, तर एका दिवसात एका आघाडीवरून दुसरीकडे वळवण्याची हवाई दलाची ताकद कमी होते. माझ्या दृष्टीने तोडगा स्क्वाड्रनच्या वाटपात नाही, युद्धाच्या पहिल्या दिवसांतील प्राधान्य कोण ठरवणार हे आधी लिहून ठेवण्यात आहे.

अमेरिकेने १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने लढाऊ कमांडरांची साखळी राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि कमांडर अशी थेट केली. तिथले दलांचे प्रमुख सैन्य घडवतात, लढवत नाहीत. आपल्याकडे मात्र लष्करप्रमुख सैन्य घडवतोही आणि लढवतोही. थिएटर कमांडर आल्यावर त्याचे वेगळे मूल्यमापन वर जाणार का, ते संरक्षण दल प्रमुखांमार्फत जाणार की त्यांच्या सल्ल्यासह थेट संरक्षणमंत्र्यांकडे, आणि एखाद्या दलाच्या प्रमुखाचे मत त्याच्या विरुद्ध असेल तर दोन्ही मते मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीसमोर मूळ स्वरूपात ठेवली जाणार की मधे कुठेतरी एक करून, हे तीन मुद्दे मी कोणत्याही आराखड्यात सर्वांत आधी शोधतो. थिएटर कमांडचे मुख्यालय जयपूरला असावे की लखनौला, यावर वर्तमानपत्रांत जितकी चर्चा होते त्याच्या निम्मी जरी या मुद्द्यांवर झाली, तरी आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे सोपे होईल.